ज्याच्यासाठी गर्दी थांबली

दहावीचा तीन तासांचा पेपर. अकराला घंटा होते, वेळ संपली की पुन्हा होते आणि मुलं उत्तरपत्रिका देऊन उठतात. त्याच केंद्रावर एक मुलगी मात्र त्यानंतरही लिहीत असते. तिला दिसत नाही. शेजारी बसलेला लेखनिक प्रश्न वाचून दाखवतो आणि ती सांगेल ते उतरवून घेतो. नियमानं तिला तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. प्रश्नपत्रिका तीच, गुण तेवढेच. घड्याळ तेवढं वेगळं.

या एका तासाला आपण सवलत म्हणतो. मला तो माणसानं लावलेल्या मोठ्या शोधांपैकी एक वाटतो. तीन तास हा काही निसर्गाचा नियम नव्हता, हे त्यात मान्य केलेलं आहे. डोळ्यांनी वाचणाऱ्या आणि हातानं भरभर लिहिणाऱ्या मुलाच्या मापानं ते तीन तास बेतलेले होते. कपडा एकाच्या मापानं शिवायचा आणि दुसऱ्याला बसला नाही की त्याच्या अंगाला दोष द्यायचा, हे आपण वेळेच्या बाबतीत रोज करतो. एसटी आमच्या बेंबळीच्या स्टँडवर थांबते, कंडक्टर डबल बेल देतो. तेवढ्यात ज्याला पायऱ्या चढता आल्या तो गावाला गेला, कुबडी घेऊन चढणारा खाली राहिला. त्याला पायरीनं अडवलं असं आपण म्हणतो. खरं तर वेळेनंही अडवलं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांहून अधिक दिव्यांग माणसं मोजली गेली. तेवढ्या माणसांना रोज दुसऱ्याच्या मापाच्या घड्याळात दिवस काढायचा असतो.

मग देवाच्या नावानं एकत्र राहणाऱ्या माणसांचं घड्याळ कुणाच्या मापाचं असतं? मठात, आश्रमात, चर्चमध्ये, दिंडीत वेळ कोण ठरवतं? ख्रिस्ती परंपरेनं या प्रश्नाशी दोन हजार वर्षं झुंज घेतली आहे आणि त्यातून निघालेल्या गोष्टी थक्क करणाऱ्या आहेत. त्यातला एक विलक्षण प्रयोग आपल्याच राज्यात झाला, पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला. तो करणाऱ्या बाईंना स्वतःला नीट ऐकू येत नव्हतं.

पहिला येईल तोच बरा होईल

बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानात, यरुशलेममधल्या एका तळ्याची गोष्ट आहे. तळ्याचं नाव बेथेस्दा. भोवती पाच पडव्या होत्या आणि त्या पडव्यांत आंधळे, पांगळे, हातपाय वाळलेले असे कितीतरी लोक पडून असत. हे तळं नुसतं गोष्टीतलं नाही. यरुशलेममध्ये सेंट ॲन चर्चजवळच्या उत्खननात ते सापडलं आहे. लोकांची समजूत अशी होती की अधूनमधून पाणी हलतं, आणि पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो.

ही व्यवस्था जरा नीट पाहा. दया आहे, पण शर्यत लावून दिलेली. ज्याला पाय आहेत तो पहिला पोचणार आणि ज्याला पाय नाहीत त्याच्यासाठीच तर तळं आहे! तिथे एक माणूस 38 वर्षांपासून आजारी होता. आपल्या हिशेबानं तीन तपं उलटून वर दोन वर्षं. येशू त्याला विचारतो की तुला बरं व्हायचंय का. तो हो किंवा नाही म्हणत नाही, आपली अडचण सांगतो. मला पाण्यात सोडायला कुणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच कुणीतरी उतरलेला असतो. अपंगत्व आणि वेळ यांचं नातं एका वाक्यात याहून नेमकं सांगितलेलं मी कुठं वाचलेलं नाही. येशू त्याला उचलून तळ्याकडे नेत नाही, शर्यत जिंकून देत नाही. तळं बाजूलाच राहतं आणि तो माणूस जिथं पडलाय तिथंच त्याचं काम होतं.

शुभवर्तमानं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. दुखणाऱ्या माणसांची वर्षं मोजून लिहिलेली आहेत. रक्तस्राव होणारी बाई, 12 वर्षं. पाठ वाकून दुमडलेली बाई, 18 वर्षं. तळ्याकाठचा माणूस, 38 वर्षं. ज्यांचा वेळ कुणाच्याच हिशेबात नव्हता त्यांचा वेळ इथे मांडून ठेवला आहे. 12 वर्षंवाली बाई भेटते तेव्हा येशू याईर नावाच्या मोठ्या माणसाच्या मरणाच्या दारातल्या मुलीकडे निघालेला असतो. म्हणजे अगदी तातडीचं काम. तरी तो वाटेत थांबतो, आपल्याला कोण शिवलं ते विचारतो आणि तिचं सगळं ऐकून घेतो. पाठ वाकलेल्या बाईच्या गोष्टीत तर भांडणच वेळेचं आहे. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी तिला बरं केलं म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावतो. कामाचे सहा दिवस आहेत, तेव्हा या, असं तो लोकांना सांगतो. 18 वर्षं वाकून चाललेल्या बाईला आणखी एक दिवस थांबायला सांगणं त्याला साधी गोष्ट वाटते. येशूला वाटत नाही.

आणि मग बार्तीमय. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो येतो. यरीहो गावाच्या वाटेवर बसून भीक मागणारा आंधळा. येशू यरुशलेमला निघालेला, मागे मोठा जमाव. बार्तीमय ओरडायला लागतो. लोक त्याला गप्प बसवतात, कारण जथा पुढे जायचाय. तो आणखी मोठ्यानं ओरडतो. इथे मार्क एक बारकी गोष्ट लिहितो: येशू थांबला. तो थांबला म्हणून गर्दीही थांबली. मघाशी दटावणारी तीच माणसं आता बार्तीमयाला धीर देऊन बोलावतात. तो अंगावरचं वस्त्र टाकून उडी मारून उठतो. आणि समोर उभ्या असलेल्या आंधळ्याला येशू विचारतो की तुझ्यासाठी मी काय करू? उत्तर उघड दिसत असतानाही तो विचारतो. आंधळा आहे म्हणजे त्याला अमुकच हवं असणार, हे तो धरून चालत नाही.

थांबणं, बोलावणं, विचारणं. या तीन कृती लक्षात ठेवा. केडगावात त्यांचं घर झालं.

केडगावचं बार्तीमी सदन

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर पुराणं सांगत देशभर भटकणारं हे कुटुंब. आई लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून मुलीला संस्कृत शिकवलं. दुष्काळाच्या काळात आईवडील गेले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी या देशात स्त्री डॉक्टर हव्यात हे ठणकावून सांगितलं आणि पुढच्याच वर्षी स्वतः डॉक्टर व्हायला इंग्लंड गाठलं.

तिथे त्यांच्या कानांनी वाट अडवली. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण शक्य नाही असं ठरलं. स्त्री डॉक्टर हव्यात म्हणून आयोगापुढे उभी राहिलेली बाई स्वतः डॉक्टर होऊ शकली नाही. त्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1883 ला, वाँटिज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिका, मग 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, ते पुण्याला हललं, आणि 1896-97 च्या दुष्काळात केडगावच्या मळ्यावर मुक्ती मिशन उभं राहिलं. मध्य प्रांतातून, नंतर गुजरातेतून उपाशी बाया आणि पोरी रमाबाई घेऊन आल्या. काही वर्षांतच तिथे सुमारे दोन हजार जणी राहत होत्या. शेती होती, दूधदुभतं होतं, माग होते, छापखाना होता.

एवढ्या मोठ्या वस्तीत कुणाला वगळायचं हे ठरवणं सोपं असतं. दुष्काळात जे कामाला येईल तेच आधी घ्यावं, असं व्यवहार सांगतो. रमाबाईंनी उलट केलं. थकलेल्या, दुबळ्या बायांसाठी प्रीती सदन निघालं आणि अंध मुलीबायांसाठी वेगळं घर झालं. त्याचं नाव बार्तीमी सदन.

अंधाश्रम असं नाव देता आलं असतं. त्यांनी दिलं ते एका माणसाचं नाव. मार्कच्या शुभवर्तमानात येशूनं बऱ्या केलेल्या बहुतेकांची नावं नाहीत. या भिकाऱ्याचं आहे, त्याच्या बापाचंही आहे. गर्दीनं गप्प बसवलं तरी तो गप्प बसला नव्हता. ज्या मुलींना दुष्काळानं आणि दारिद्र्यानं नाव उरू दिलं नव्हतं, त्यांच्या घराच्या दारावर असल्या माणसाचं नाव लागलं.

महाराष्ट्रात ही सुरुवात एकटी नव्हती. 1885 मध्ये मुंबईत माझगावला कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांनी मूकबधिर मुलांची शाळा काढली होती. 1900 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईत अंधांची शाळा सुरू केली, ती पुढे दादरची शाळा म्हणून नावारूपाला आली. केडगावचं वेगळेपण असं की ती नुसती शाळा नव्हती. अंध बाया तिथे शिकून परत जात नसत. त्या राहत, काम करत, प्रार्थना करत, म्हाताऱ्या होत. त्यांचा आणि डोळस बायांचा दिवस एकच होता. त्या मिशनमध्ये दृष्टिहीन स्त्रिया आजही राहतात.

बोटांची घडी

रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल शिकून घेतली आणि मुक्तीतल्या अंध मुलींना शिकवली. ब्रेलमध्ये वाचायला बसलेल्या माणसाकडे जवळून पाहिलं की वेळ म्हणजे काय, याचा नवाच धडा मिळतो.

एका चौकटीत सहा ठिपक्यांची जागा, तीन-तीनच्या दोन उभ्या रांगा. त्यातले कोणते ठिपके उठलेले आहेत त्यावरून अक्षर ठरतं. डोळा पानभर फिरतो, पुढची ओळ आधीच टिपतो, मथळ्यावरून मजकुराचा अंदाज बांधतो. बोटाला ते नाही. बोटाखाली एका वेळी एकच चौकट असते. सरावलेलं बोट मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द वाचतं, डोळा त्याच्या साधारण दुप्पट. पण बोटाला ओळ गाळता येत नाही. प्रत्येक अक्षराला शिवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

लिहिताना तर गंमतच आहे. पाटीत जाड कागद अडकवून टोचणीनं ठिपके मागच्या बाजूनं दाबायचे असतात, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, अक्षरं उलटी. कागद उलटला की उठाव वर येतो आणि वाचायचं डावीकडून उजवीकडे. लहान मुलगी प्रत्येक अक्षराची दोन रूपं मनात ठेवते, एक टोचायचं आणि एक वाचायचं.

भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये भारती ब्रेल ही एक समान पद्धत ठरली. तिच्यातली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. छापील मराठीत ‘दिवस’ लिहिताना पहिली वेलांटी ‘द’च्या आधी येते, उच्चारात मात्र नंतर. ब्रेलमध्ये आधी ‘द’, मग ‘इ’, मग ‘व’, मग ‘स’. आवाज ज्या क्रमानं येतो त्याच क्रमानं अक्षरं. डोळ्यासाठी केलेल्या लिपीत वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालते. बोटाच्या लिपीला चालत नाही.

याच मुक्तीत दुसरंही एक सावकाश काम चाललं होतं. रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यासाठी त्या या दोन्ही भाषा शिकल्या होत्या. आधीची भाषांतरं संस्कृतप्रचुर होती. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. जवळजवळ दीड तप हे काम चाललं. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बाया होत्या, ज्यांतल्या कितीतरी जणींना केडगावला आल्यावरच पहिल्यांदा अक्षर कळलं होतं. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. आईनं काम थांबवलं नाही. ते हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघालं ते 1924 मध्ये.

त्याआधी, 1905 मध्ये, मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट उसळली होती. शेकडो जणी एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत. त्या लाटेनंतरही रमाबाईंचे कान अधूच राहिले, आणि त्यांचं सगळ्यात चिकाटीचं काम त्या अधू कानांनिशीच पुरं झालं.

घड्याळ आलं कुठून?

आज आपल्याला पळवणारं यांत्रिक घड्याळ युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागलं, आणि त्याची गरज आधी जाणवली ती मठांना. प्रार्थनेच्या वेळा चुकू नयेत म्हणून. म्हणजे वेळेची सर्वांत कडक शिस्त धर्माच्याच घरात जन्मली.

त्या मठांचा पाया ज्या नियमावलीवर होता ती संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात इटलीत लिहिली. घंटा झाली की हातातलं काम टाकून प्रार्थनेला धावायचं, इतकी ती कडक आहे. पण तीच नियमावली पहाटेच्या प्रार्थनेतलं एक स्तोत्र मुद्दाम लांबवत, रेंगाळत म्हणायला सांगते. का? उशिरा पोचणाऱ्याला यायला सवड मिळावी म्हणून. वृद्ध आणि लहान मुलं यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांची दुर्बलता नेहमी ध्यानात घ्यावी, जेवणाच्या ठरलेल्या वेळा त्यांना लावू नयेत, त्यांना आधी खाऊ द्यावं. आजाऱ्यांची सेवा सगळ्याच्या वर ठेवली आहे. दीड हजार वर्षांपूर्वी, घंटेवर चालणाऱ्या घरात, जादा वेळेची तरतूद लिहून ठेवली होती. शिस्त आणि सवड एकाच माणसानं, एकाच पुस्तकात लिहिली.

त्याच्याही आधी, चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधीवर, उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन वेळेनं पुरता गोंधळून गेला होता. भूतकाळ तर गेला, भविष्य अजून आलेलं नाही आणि वर्तमानाला लांबीच नाही, मग आपण मोजतो काय? त्याच्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात तो पाठ असलेल्या स्तोत्राचं उदाहरण घेतो. म्हणायला सुरुवात करण्याआधी सगळं स्तोत्र अपेक्षेत असतं. म्हणता म्हणता एकेक शब्द अपेक्षेतून स्मरणात जातो. वेळ ही अशी मनात ताणलेली असते. ज्यानं पहाटे काकडा म्हटलाय त्याला हे समजावून सांगायला नको.

यातून एक फार मोठी गोष्ट निघते. वेळ जर नुसती बाहेरच्या काट्यावर नसेल, तर ‘हळू’ माणूस नेमका कशाच्या मानानं हळू? स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठाचे जॉन स्विंटन हे ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक होण्याआधी मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची शुश्रूषा करणारे परिचारक होते. 2016 मध्ये त्यांनी काळाशी मैत्री करण्याविषयी एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपण वेळेला पैशासारखं वापरतो, वाचवतो, खर्चतो, वाया घालवतो. त्या हिशेबात गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेला, स्मृती हरवलेला, मेंदूला इजा झालेला माणूस तोट्याचाच दिसणार. पण ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे वेळ माणसाची मिळकत नाही, देवानं दिलेली देणगी आहे, आणि ती प्रेमासाठी दिलेली आहे. प्रेमाला जेवढी लागते तेवढी लागते.

हे नुसतं म्हणणं राहिलं नाही, काही माणसांनी ते जगून पाहिलं. हेन्री नौवेन हे डच पाद्री हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते. 1986 मध्ये ते कॅनडात टोरांटोजवळच्या डेब्रेक या वस्तीत राहायला गेले. बौद्धिक अपंगत्व असलेली आणि नसलेली माणसं तिथे एका घरात राहतात. त्यांच्याकडे ॲडम नावाच्या तरुणाची सकाळ सोपवली गेली. ॲडमला बोलता येत नव्हतं, आधाराशिवाय चालता येत नव्हतं, फिट येत. त्याला उठवायचं, आंघोळ घालायची, दाढी करायची, कपडे घालायचे, न्याहारीला बसवायचं आणि तो आपल्या हातानं चमचा तोंडाकडे नेईल तेव्हा सोबत बसायचं. सुमारे दोन तास जात. घाई केली की ॲडमचं अंग ताठरे, फिट येई. म्हणजे घाई करणाऱ्याला त्याच्या अंगातूनच उत्तर मिळे. जगभर व्याख्यानं देणारे नौवेन सांगत की मी ॲडमला दिलं त्यापेक्षा जास्त त्यानं मला दिलं. त्याच्यावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक दोघेही गेल्यानंतर 1997 मध्ये निघालं.

थांबवून ठेवणं वेगळं

या वाटेवर खड्डेही आहेत आणि ते दाखवलेच पाहिजेत. डेब्रेक ज्या परिवारातली वस्ती आहे तो ‘लार्श’ परिवार जीन वानिए यांनी 1964 मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात सुरू केला. 1970 मध्ये बंगळुरूला आशा निकेतन या नावानं तो भारतात आला. वानिए जिवंतपणी संत मानले गेले. 2019 मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी लार्शनं स्वतः नेमलेल्या चौकशीत उघड झालं की अध्यात्माचं मार्गदर्शन करण्याच्या नावाखाली त्यांनी स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. त्या स्त्रिया अपंगत्व असलेल्या नव्हत्या. 2023 च्या सविस्तर अहवालात अशा किमान 25 स्त्रियांची नोंद आहे. काहींना बोलता येईपर्यंत आणि ऐकून घेतलं जाईपर्यंत अनेक दशकं गेली. त्यांनाही कुणीतरी गप्पच बसवलं होतं. सावकाशपणाची, प्रेमाची भाषा बोलणाऱ्या घरातही सत्ता असते आणि तिला जाब विचारणारं कुणी असावंच लागतं.

दुसरा खड्डा चमत्काराच्या सभांचा. श्रद्धा पुरी असेल तर उठून चालशील, असं व्हीलचेअरवरच्या माणसाला सांगितलं जातं. तो उठला नाही की दोष त्याच्या श्रद्धेचा. अमेरिकेतल्या नॅन्सी आइसलँड यांना जन्मतः हाडांचा विकार होता. लहानपणापासून शस्त्रक्रिया आणि सोबतीला असली बोलणी. पुढे त्या समाजशास्त्रज्ञ झाल्या आणि 1994 मध्ये त्यांनी ‘अपंग देव’ अशा आशयाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा एका जुन्याच प्रसंगावर उभा आहे. मेलेल्यांतून उठलेला ख्रिस्त शिष्यांना भेटतो तेव्हा हातापायांवरच्या खिळ्यांच्या जखमा दाखवतो, थोमा या शिष्याला तर कुशीतल्या जखमेत हात घालायला सांगतो. मरणावर जय मिळवलेल्या देहावर या खुणा उरल्या कशा? आइसलँड म्हणतात, देवाचाच देह असा असेल तर अपंगत्व म्हणजे देवाच्या प्रतिमेला लागलेला डाग नव्हे. ऑगस्टीनही ‘देवाचं नगर’ या ग्रंथाच्या अखेरीस हुतात्म्यांविषयी असंच काहीसं म्हणून गेला होता: पुनरुत्थानानंतरही त्यांच्या व्रणांच्या खुणा राहतील, आणि त्या व्यंग म्हणून नव्हे, मानचिन्ह म्हणून.

हे वाचताना आमच्या धाराशिव तालुक्यातल्या माणसाला तेर आठवल्याशिवाय राहत नाही. बेंबळीच्याच तालुक्यातलं तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. युरोपातल्या मठांत पहिली घड्याळं टिकटिकू लागली त्याच सुमाराचा हा संत. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पायाखाली पोर आलं, पुढे शपथ मोडली म्हणून काकांनी स्वतःचे हात तोडून घेतले, आणि पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात ते हात परत आले, ही कथा महिपतींच्या 1762 च्या ‘भक्तविजय’पासून घराघरात सांगितली जाते. आपण शेवटाकडे पाहतो, परत आलेल्या हातांकडे. मी त्याच्या आधीच्या क्षणाकडे बघायला सांगेन. सगळी सभा टाळी वाजवतेय आणि त्या सभेत हात नसलेला कुंभार उभा आहे. त्याला कुणी बाहेर काढलेलं नाही. संतमंडळीत तो तेव्हाही काकाच आहे. हात परत येण्याआधीच तो त्या कीर्तनात पुरा होता. ख्रिस्ती आणि वारकरी या दोन परंपरांचे देव, भाषा, इतिहास वेगळे आहेत, त्यांची मिसळ करायचं कारण नाही. पण दोन्हींकडे एकच प्रश्न विचारता येतो: बरा होण्याआधी माणसाला इथे जागा आहे का?

ताशी तीन मैल

जपानी ईश्वरशास्त्रज्ञ कोसुके कोयामा थायलंडमध्ये शिकवत असत. 1979 मध्ये त्यांनी देवाच्या वेगावर लिहिलं. माणूस चालतो तो ताशी साधारण तीन मैलांनी. येशू चालत हिंडला. प्रेमाला तोच वेग आहे, म्हणून देवाचा वेग ताशी तीन मैल. त्यांच्या पुस्तकाचं नावच तसं आहे. दिव्यांग वाचकांनी त्यात एक भर घालायला हवी असं मला वाटतं: ज्याला ताशी एक मैलच जमतं त्याच्याबरोबर देवही एक मैलानं चालतो. यरीहोच्या वाटेवर तर तो शून्यावर आला होता.

हे सगळं आपल्या गावात आणायला ईश्वरविज्ञानाची पदवी लागत नाही. आपण उतार बांधतो, उद्‌घाटन करतो आणि काम झालं असं समजतो. वेळेचा उतार कुणी बांधत नाही. हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा पारायणाची गती कुणाच्या मापानं धरायची? कीर्तनाला बसलेल्या बहिऱ्या माणसाला अभंग कसा कळावा? रविवारच्या उपासनेत ज्याला बोलायला अर्धा मिनिट जास्त लागतं त्याची प्रार्थना पुरी होईपर्यंत बाकीचे थांबतील का? ज्या आईला बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामुळे दर्शनाच्या रांगेत उभं राहता येत नाही, तिला आपण पुढे सोडतो, पण तो मुलगा गाभाऱ्यापुढे रेंगाळला तर चला चला म्हणतो. ग्रामसभेत, मंदिरात, चर्चमध्ये, मशिदीत हे प्रश्न सारखेच आहेत आणि उत्तरं फुकट आहेत. त्यांना पैसा लागत नाही, वेळ लागतो.

आणि हा वेळ परक्यासाठी द्यायचा नसतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-धाराशिवची जमीन हलली आणि मिनिटाच्या आत कितीतरी धडधाकट माणसं जन्मभरासाठी अपंग झाली. भूकंप नसला तरी म्हातारपण आहेच. पुरेसं आयुष्य मिळालेल्या प्रत्येकाचे डोळे, कान, गुडघे, स्मरण कधी ना कधी मागे पडतात. आज जे घड्याळ आपण दुसऱ्यासाठी सैल करू, तेच उद्या आपल्याला वापरायचं आहे.

म्हणून पुढच्या सप्ताहाची बैठक बसेल, किंवा नाताळच्या तयारीची, तेव्हा गावातल्या दिव्यांग माणसांसाठी काय करायचं हे त्यांच्याविना ठरवू नका. त्यांना आधी बोलवा, आणि त्यांच्या मापानं बोलू द्या. त्यांना काय हवं हे आपल्याला ठाऊकच आहे असं वाटत असेल, तरी विचारा.